मतभेद, पत आणि संवाद : सतराव्या शतकातील ॲमस्टरडॅमच्या रोखेबाजारातील वादरीती

१. प्रास्ताविक

खरेदी-विक्रीच्या प्रत्येक व्यवहारात बहुधा एक मतभेद दडलेला असतो. धान्य किंवा कापड यांच्या व्यवहारात तो गरजेच्या आड लपतो; रोख्यांच्या व्यवहारात मात्र तो उघडा पडतो. एखाद्या कंपनीचा भाग आज पाचशेला घेणारा आणि त्याच क्षणी तो पाचशेला विकणारा, हे दोघेही भविष्याविषयी परस्परविरुद्ध विधाने करीत असतात. दोघांपैकी एकाचे विधान चुकीचे ठरणार हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही दोघांना एकमेकांची गरज असते. कारण विरुद्ध मताचा माणूस समोर नसेल तर व्यवहारच संभवत नाही. मतभेद हा या बाजाराचा अपघात नव्हे, तो त्याचा पाया आहे.

या वस्तुस्थितीतून वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न उपस्थित होतो. जिथे विरोधकाशी रोज व्यवहार करावयाचा आहे, तिथे विरोधाची भाषा कोणती घडते? तिचे शिष्टाचार कोणते, आणि ते कोण पाळतो? शिष्ट भाषेआड खोटेपणा लपू शकतो का? या प्रश्नांचा मागोवा घेण्यासाठी सतराव्या शतकातील ॲमस्टरडॅम हे सर्वांत योग्य स्थळ होय. कंपनीच्या भागांचा सातत्याने चालणारा बाजार प्रथम तेथे उभा राहिला आणि त्या बाजाराविषयीचा पहिला ग्रंथही तेथेच, १६८८ मध्ये प्रकाशित झाला. जोसेफ पेन्सो दे ला व्हेगा याचा ‘कॉन्फ्युझियॉन दे कॉन्फ्युझियोनेस’, म्हणजे ‘गोंधळांचा गोंधळ’, हा तो ग्रंथ. तो व्यापारी पुस्तिकेच्या रूपात नव्हे, तर संवादाच्या रूपात लिहिला गेला, ही गोष्ट अर्थेतिहासकारांनी गौण मानली आहे. तुलनात्मक साहित्याच्या दृष्टीने मात्र तीच मध्यवर्ती ठरते.

२. बाजाराची घडण आणि पहिला कलह

संयुक्त डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ मध्ये झाली. तिचे भांडवल सुमारे चौसष्ट लाख गिल्डर होते व ते सामान्य नागरिकांकडूनही गोळा करण्यात आले. भागधारकाला कंपनीकडून आपली रक्कम हवी तेव्हा परत मागता येत नव्हती. आपला भाग दुसऱ्याच्या नावे करून देण्याची सोय मात्र होती. या एका सोयीतून भागांचा बाजार जन्माला आला. हेंड्रिक द कैझर याने बांधलेली बाजाराची इमारत १६११ मध्ये खुली झाली. परंतु व्यवहार त्याआधीपासून रस्त्यांवर, पुलावर आणि डाम चौकात चालूच होते.

बाजाराबरोबर कलहही जन्माला आला. कंपनीच्या मोठ्या भागधारकांपैकी एक असलेला इझाक ल मेर याचे संचालकांशी बिनसले. १६०९ च्या सुमारास त्याने काही साथीदारांसह भाव उतरतील या अपेक्षेने हाती नसलेले भाग पुढील मुदतीसाठी विकावयास प्रारंभ केला. भाव उतरले. संचालकांनी शासनाकडे तक्रार केली ती विधवा आणि अनाथांच्या नावाने: मंदीवाल्यांमुळे या असहाय भागधारकांचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. ल मेरची बाजूही अगदी निराधार नव्हती. कंपनीचा कारभार नीट चालत नाही, म्हणूनच भाव उतरत आहेत, असा तिचा आशय होता. फेब्रुवारी १६१० मध्ये शासनाने हाती नसलेल्या भागांच्या विक्रीवर बंदी घातली.

या प्रसंगाकडे वादपद्धतीच्या दृष्टीने पाहिले असता दोन बाबी ध्यानात येतात. एक म्हणजे, भावाविषयीच्या मतभेदाचे रूपांतर लगोलग चारित्र्याविषयीच्या आरोपात झाले. भाव उतरेल असे मानणारा माणूस चुकतो आहे असे न म्हणता तो दुष्ट आहे असे म्हटले गेले. दुसरी बाब अशी की, ज्यांच्या नावाने हा आरोप झाला ते विधवा आणि अनाथ स्वतः या वादात कुठेच बोलत नाहीत. दुर्बलांच्या नावाने बलवानांनी प्रतिपक्षाला गप्प करण्याची ही युक्ती त्यानंतर बाजाराच्या इतिहासात वारंवार दिसते.

भागधारक आणि संचालक यांच्यातील वाद पुढेही धुमसत राहिला. कंपनीची सनद संपण्याच्या वेळी, १६२२ मध्ये, असंतुष्ट भागधारकांनी पत्रके छापून हिशेब जाहीर करण्याची मागणी केली. १६२३ च्या नूतनीकृत सनदेत त्यांच्या काही मागण्यांचा अंशतः विचार झाला. म्हणजे बाजारातील मतभेदाला दोन वाटा उपलब्ध होत्या: भाग विकून मोकळे होणे, किंवा छापील शब्दाने भांडत राहणे. पहिल्या वाटेवर शब्द थोडे लागतात. दुसरीवर शब्दांखेरीज दुसरे साधन नसते.

३. कायद्याची अनुपस्थिती आणि शब्दाचे मोल

१६१० च्या बंदीचा परिणाम संचालकांना अभिप्रेत होता तसा झाला नाही. ती पुढील दशकांत पुनःपुन्हा जाहीर करावी लागली, यावरूनच ती किती पाळली जात असे याची कल्पना येते. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम फार दूरवर पोहोचला. निषिद्ध करार न्यायालयात टिकत नसे. हाती नसलेले भाग एखाद्याने विकले आणि मुदतीच्या दिवशी भाव विरुद्ध गेला, तर तोट्यात आलेला खरेदीदार कायद्याचा आधार घेऊन करार नाकारू शकत होता. बाजाराच्या बोलीत याला ‘फ्रेडरिककडे दाद मागणे’ असे म्हणत. ज्याच्या कारकिर्दीत ही बंदी नव्याने जारी झाली होती त्या फ्रेडरिक हेंड्रिकच्या नावावरून हा वाक्प्रयोग पडला होता.

येथे एक विलक्षण स्थिती निर्माण होते. करार मोडण्याची कायदेशीर मुभा आहे, तरीही बहुसंख्य करार पाळले जातात. लोडेवाइक पेट्राम यांनी या बाजाराच्या इतिहासात दाखविल्याप्रमाणे, याचे कारण पत हे होते. ज्याने एकदा फ्रेडरिककडे दाद मागितली त्याच्याशी पुन्हा व्यवहार करण्यास कोणी सहज धजत नसे. मराठीत ‘पत’ हा शब्द प्रतिष्ठा आणि उधारीची पात्रता हे दोन्ही अर्थ एकाच वेळी वाहतो. ॲमस्टरडॅमच्या बाजारात हे दोन अर्थ व्यवहारतःही एकच होते. प्रतिपक्षाशी शब्द राखणे ही नीतीची बाब होती आणि उद्याच्या व्यवहाराचे भांडवलही होती.

लंडनमध्येही याच स्थितीची पुनरावृत्ती झाली. १७३४ च्या, सर जॉन बार्नार्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने मुदतीचे अनेक व्यवहार अवैध ठरविले. ते बंद झाले नाहीत, ‘प्रतिष्ठेचे ऋण’ होऊन राहिले. जोनाथनच्या कॉफीगृहात जमणारे दलाल पुढे संघटित झाले, त्यांनी १७७३ मध्ये स्वतःची वास्तू घेतली आणि शब्द मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचे नियम केले. कायदा जिथून मागे सरला तिथे शिष्टाचार पुढे आला, असा हा क्रम आहे.

४. दोन संवादग्रंथ

बाजारातील मतभेदाने डच प्रजासत्ताकात दोनदा संवादाचे साहित्यरूप घेतले. त्यांपैकी पहिला प्रसंग ट्यूलिपच्या कंदांच्या व्यापाराचा. फेब्रुवारी १६३७ मध्ये हारलेम येथे कंदांचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी तेथील मुद्रक आड्रियान रोमान याने दोन विणकरांमधील संभाषणाच्या तीन पुस्तिका छापल्या. संभाषण करणाऱ्यांची नावे वार्मोंट आणि खारखुट. पहिल्याचा अर्थ ‘सत्यमुख’, दुसऱ्याचा ‘मालमत्ता गोळा करणारा’. नावातच निकाल लागलेला आहे. खारखुट आपल्या मित्राला या व्यापारात ओढू पाहतो, वार्मोंट सावधपणे प्रश्न विचारतो, आणि वाचकाला कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. ट्यूलिपवेडाविषयीच्या पुढील काळातील अतिरंजित कथा मोठ्या प्रमाणात अशा पत्रकांतून उगम पावल्या, हे ॲन गोल्डगार यांनी २००७ च्या ग्रंथात साधार दाखविले आहे.

असे असले तरी या पुस्तिकांतून खानावळींतील व्यवहाराच्या रीती कळतात, आणि त्या उद्बोधक आहेत. कंदांची खरेदी-विक्री करणारी मंडळी खानावळीत जमत. घेणारा आणि देणारा यांना लाकडी तबकड्या दिल्या जात. त्यांवर खडूने आकडे लिहून मध्यस्थांकरवी भाव ठरविला जाई. दोघांनी खडूची खूण तशीच ठेवली तर सौदा पक्का; दोघांनी पुसली तर तो रद्द. एकाने ठेवली व दुसऱ्याने पुसली, तर माघार घेणाऱ्याने लहानशी रक्कम द्यावयाची, आणि ती बहुधा सर्वांच्या मद्यपानात खर्च व्हावयाची. नकाराला किंमत होती, परंतु ती थोडी होती. आणि ती भरल्यावर नकार देणारा त्याच बाकावर बसू शकत असे. मतभेदाला वैराचे रूप येऊ न देण्याची ही एक साधी, पण चतुर व्यवस्था होती. भाव कोसळल्यावरही हारलेम नगरीने हे तंटे न्यायालयात न नेता लवादाकरवी मिटविण्याचा मार्ग धरला आणि १६३८ मध्ये मूळ किमतीच्या साडेतीन टक्के देऊन करारातून मुक्त होण्याची मुभा दिली.

दुसरा संवादग्रंथ म्हणजे दे ला व्हेगाचा. त्यातील पात्रे तीन: एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक भागधारक. ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकात तिघांनाही विशेषणे दिली आहेत. तत्त्वज्ञ कुशाग्र आहे, व्यापारी विवेकी आहे आणि भागधारक विद्वान आहे. हारलेमच्या पुस्तिकेत एक शहाणा आणि एक लोभी. येथे तिघेही आदरास पात्र. हा फरक केवळ सौजन्याचा नाही. ज्या वादात एक पक्ष आधीच मूर्ख ठरविलेला असतो तो वाद नव्हे, तो उपदेश असतो. दे ला व्हेगाने तीन निराळ्या ज्ञानप्रकारांना समान प्रतिष्ठा दिली आणि मग त्यांना एकमेकांपुढे उभे केले. त्याचे चार संवाद अनेकदा मूळ विषय सोडून पुराणकथा, बायबल आणि ग्रीक-रोमन इतिहासात भटकतात. बोलणारे एकमेकांच्या दृष्टांतांना प्रतिदृष्टांत देतात. या भटकण्यातूनच त्यांच्या मतभेदाला श्वास घेण्यास अवकाश मिळतो.

५. लेखकाची पार्श्वभूमी

या सौजन्याची मुळे लेखकाच्या आयुष्यात शोधणे अप्रस्तुत होणार नाही. दे ला व्हेगा हा सेफार्डी ज्यू होता. त्याचा पिता स्पेनमध्ये धर्मन्यायपीठाच्या कैदेत होता आणि तेथून सुटल्यावर उघडपणे ज्यू धर्माकडे परतला, असे सांगितले जाते. जिथे मनातील मत ओठांवर आले तर प्राणाशी गाठ पडते, अशा प्रदेशातून ही माणसे ॲमस्टरडॅमला आली होती. पुत्राने तरुणपणी हिब्रू भाषेत नाटक लिहिले. ते १६७३ मध्ये छापले गेले. पुढे स्पॅनिशमध्ये कथा व भाषणे लिहिली आणि ज्यू निर्वासितांनी स्पेन-इटलीच्या धर्तीवर ॲमस्टरडॅममध्ये काढलेल्या साहित्यसभांत भाग घेतला. ठरलेल्या विषयावर दोन बाजूंनी बोलणे, प्रतिपक्षाच्या बुद्धीला दाद देत त्याचे खंडन करणे, ही त्या सभांची रीत. बाजारावरील ग्रंथात दिसते ती हीच सभारीती होय.

तथापि हे चित्र एकरंगी नाही. याच ज्यू समाजाने १६५६ मध्ये एका व्यापाऱ्याच्या पुत्राला, बारुख स्पिनोझाला, त्याच्या मतांसाठी बहिष्कृत केले होते. त्याच्याशी बोलणे, त्याच्या छपराखाली राहणे, त्याचे लेखन वाचणे निषिद्ध ठरले. एकाच नगरात, एकाच समाजात, मतभेदाला दोन निराळी उत्तरे मिळत होती. धर्मसभेत विरोधी मत म्हणजे संबंधांचा शेवट. बाजारात विरोधी मत म्हणजे संबंधांचा आरंभ. बाजार अधिक उदार होता म्हणून हे घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. धर्मसभेला एकमत हवे होते, बाजाराला दुमत हवे होते, एवढेच. परंतु या गरजेतून मतभेदासह एकत्र नांदण्याची एक रीत घडली, हे नाकारता येत नाही.

बाहेरच्या जगाच्या नजरेत मात्र या रीतीला प्रतिष्ठा नव्हती. १७११ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात ॲडिसनचा निवेदक सांगतो की, जोनाथनच्या कॉफीगृहातील सट्टेवाल्यांच्या मेळाव्यात आपल्याला कधीकधी ज्यू समजले जाते. ही थट्टा सौम्य आहे. पण सट्टेवाला आणि ज्यू ही समीकरणे वाचकाच्या मनात किती सहज जुळत असत, हे तीतून कळते. बाजारातील वादाची सभ्यता बाजाराच्या उंबरठ्यावर संपत असे.

६. तेजीवाले आणि मंदीवाले : नावांचे राजकारण

दे ला व्हेगा बाजारातील दोन पक्षांची नावे देतो. भाव चढेल असे मानून खरेदीने आरंभ करणारे ते ‘लीफहेबर’, म्हणजे प्रेमी किंवा हितचिंतक; भाव उतरेल असे मानून विक्रीने आरंभ करणारे ते ‘कॉन्ट्रामिनर’, म्हणजे वेढ्याच्या युद्धात प्रतिसुरुंग खणणारे. नावे तटस्थ नाहीत. एक पक्ष कंपनीवर, पर्यायाने देशावर प्रेम करणारा. दुसरा जमिनीखालून पाया पोखरणारा. १६१० च्या आरोपाची छाया ऐंशी वर्षांनंतरही शब्दांवर होती. लेखकाचा स्वतःचा कलही तेजीवाल्यांकडे आहे. मंदीवाल्यांपासून दूर राहावे असे त्याचा भागधारक बजावतो आणि भीतीने त्यांना ससा हत्तीएवढा दिसतो, खानावळीतील भांडण बंड वाटते, अशा आशयाची टवाळी करतो.

मराठी वाचकाला येथे तुलना सुचल्यावाचून राहत नाही. इंग्रजीने याच दोन पक्षांना बैल आणि अस्वल ही पशूंची नावे दिली. दोघेही सारखेच अडाणी, दोघेही सारखेच दांडगे. मुंबईच्या बाजारात रूढ झालेल्या ‘तेजडिया’ व ‘मंदडिया’ या संज्ञा माणसाच्या हेतूवरून किंवा स्वभावावरून न घडता बाजाराच्या स्थितीवरून घडल्या. त्या प्रतिपक्षाच्या नीतीविषयी काही म्हणत नाहीत. तीन भाषांतील या नामकरणांत तीन वादसंस्कृती साठलेल्या आहेत: एकीत विरोधक हा देशद्रोही आहे, दुसरीत तो जनावर आहे, तिसरीत तो केवळ दुसऱ्या हंगामाचा माणूस आहे. व्यवहारातील वागणूक या नावांबरहुकूम होती असे यावरून सिद्ध होत नाही. मुंबईतही मंदडियांना शिव्याशाप कमी मिळाले नाहीत. तरीही भाषेने उपलब्ध करून दिलेले पहिले नाव वादाचा पहिला सूर ठरविते, हे लक्षात घ्यावे लागते.

७. हाताचे बोलणे आणि हाताविना बोलणे

दे ला व्हेगाच्या ग्रंथातील सर्वाधिक जिवंत भाग बाजारातील प्रत्यक्ष वागणुकीचा आहे. व्यवहार सकाळी दहा ते बारा डाम चौकात आणि बारा ते दोन बाजाराच्या इमारतीत चाले. एकाने हात पुढे करावयाचा, दुसऱ्याने त्यावर टाळी देऊन भाव बोलावयाचा, आणि दुसऱ्या टाळीने सौदा पक्का व्हावयाचा. टाळ्यांमागून टाळ्या पडत, तळहात लाल होत. टाळीनंतर ओरडा, ओरड्यानंतर अपशब्द, अपशब्दांनंतर धक्काबुक्की आणि तिच्यानंतर पुन्हा टाळी, असे त्या गदारोळाचे वर्णन तो करतो. मोठ्या प्रतिष्ठेचे लोकही तेथे धटिंगणासारखे वागतात, याची त्याला खंत आहे.

या वर्णनाशेजारी त्याच काळातील एक भारतीय दृश्य ठेवण्याजोगे आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १६७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात गोवळकोंडा प्रदेशातील हिऱ्यांच्या खाणींजवळचा सौदा वर्णिला आहे. दोघे व्यापारी समोरासमोर बसतात, वस्त्राखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटांच्या दाबाने भाव सांगतात व नाकारतात. भोवती माणसे असूनही एक शब्द उच्चारला जात नाही. मतभेद तितकाच तीव्र, पण त्याला वाणी नाही. त्यामुळे अपशब्दाला जागाही नाही. एका ठिकाणी गोंगाट, दुसऱ्या ठिकाणी मौन; दोन्हींत समान आहे तो हात. बोलणाऱ्याचा हात समोरच्याच्या हातात आहे, म्हणजेच बोलण्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागणार आहे.

दे ला व्हेगा आणखी एक जागा दाखवितो आणि तेथे चित्र पालटते. ती जागा म्हणजे कॉफीगृह. हिवाळ्यात शेगडीची ऊब घेत लोक तेथे वाचतात, खेळतात, गप्पा मारतात, बातम्या देतात-घेतात. येथे अपशब्द नाहीत, धक्काबुक्की नाही. एखादा तेजीवाला आत येतो. त्याला कोणी भाव विचारतो. तो खऱ्या भावात एक-दोन टक्के मिळवून सांगतो आणि खिशातील वही काढून जणू मागणी नोंदवितो आहे असे भासवितो. सारे सौजन्याने चालले आहे, आणि सारे खोटे आहे. दुसरी एक युक्ती याहून सूक्ष्म आहे. बनावट बातमीचे पत्र लिहून ते नेमक्या जागी सहज पडल्यासारखे टाकावयाचे. ज्याला ते सापडते त्याला निधी गवसल्याचा आनंद होतो. वस्तुतः त्याच्या हाती पडले आहे उरीयाचे पत्र. बायबलमधील उरीया स्वतःच्याच मृत्यूचा आदेश बंद लखोट्यात घेऊन गेला होता. जैमिनीय अश्वमेधातील चंद्रहासाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा कथाघटक परका वाटणार नाही. फरक इतकाच की, चंद्रहासाच्या पत्रातील ‘विष’ कोणी वेळीच ‘विषया’ केले, बाजारात तशी दयाळू लेखणी कोणाच्या वाट्याला येत नाही.

या दोन जागांतील भेद प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. बाजाराच्या चौकात भाषा असभ्य आहे, पण शब्द पाळला जातो. कॉफीगृहात भाषा सभ्य आहे, पण शब्दामागे हात नाही. अशिष्टता आणि असत्य या दोन निराळ्या व्याधी आहेत, आणि एकीवरील औषध दुसरीला लागू पडत नाही, हे दे ला व्हेगाने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले.

८. वाद, जल्प, वितंडा आणि सौदा

भारतीय वादशास्त्राच्या परिभाषेत हा भेद कसा मांडता येईल? न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. छल इत्यादींचाही आश्रय घेऊन जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करते ती वितंडा. चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेचे संधाय आणि विगृह्य, म्हणजे मैत्रीची आणि विरोधाची, असे दोन प्रकार केले आहेत. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजाला आधीच विचारून घेतो की, संवाद पंडितांच्या रीतीने करावयाचा की राजांच्या. कारण पंडित खंडनाने रागावत नाहीत, राजे विरोध करणाऱ्याला दंड करतात.

कॉफीगृहातील खोटा भाव जल्पात बसतो. संचालकांनी ल मेरवर केलेला आरोप राजांच्या रीतीत बसतो. परंतु चौकातील सौदा यांपैकी कशातच बसत नाही. तो वाद नव्हे, कारण तत्त्वनिर्णय चर्चेत होऊच शकत नाही. भाव उद्या काय असेल हे उद्याच ठरणार. तो जल्पही नव्हे, कारण प्रतिपक्षाला हरविले आणि तो पटून निघून गेला तर सौदा मोडतो. मतभेद कायम ठेवून, किंबहुना त्याच्याच आधारावर, संभाषण संपविण्याची ही रीत आहे. टाळी म्हणजे सहमती नव्हे. आपण असहमत आहोत यावरची ती मोहोर आहे. शास्त्रकारांसमोर सभा होती, बाजार नव्हता. म्हणून त्यांच्या वर्गीकरणात ही चौथी जागा रिकामी राहिली असावी.

याच दृष्टीने दे ला व्हेगाच्या भागधारकाने सांगितलेले चार नियम वाचता येतात. कोणालाही खरेदीचा वा विक्रीचा सल्ला देऊ नये, हा पहिला. मिळाले ते घ्यावे आणि हुकलेल्या नफ्याची हळहळ करू नये, हा दुसरा. बाजारातील नफा हे भुताटकीचे धन आहे, आता रत्न तर घटकेत कोळसा, हा तिसरा. जिंकावयाचे तर धीर आणि पैसा दोन्ही हवेत, हा चौथा. अर्थशास्त्राचे अभ्यासक यांत गुंतवणुकीचे शहाणपण पाहतात. परंतु पहिला नियम मुळात बोलण्याविषयीचा आहे. जिथे कोणालाच भविष्य दिसत नाही तिथे ते दिसल्याचा आव आणून दुसऱ्याच्या पैशाला दिशा देणे ही मोठी असभ्यता होय. अपशब्दाहूनही मोठी, कारण अपशब्दाने केवळ मन दुखावते. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही मराठी म्हण भविष्यातील धनावरून आज होणाऱ्या मारामारीला हसते. दे ला व्हेगाचा नियम त्याच मारामारीचे मूळ दाखवितो: न आलेल्या तुरीविषयी खात्रीने बोलणारा माणूस.

९. भाषांतरात हरवलेले

या ग्रंथाच्या भाषांतरांचा इतिहास त्याच्या ग्रहणाविषयी बरेच सांगतो. जर्मन भाषांतर १९१९ मध्ये आणि डच १९३९ मध्ये झाले. इंग्रजीत तो हर्मान केलेनबेंझ यांच्यामुळे १९५७ मध्ये पोहोचला. पण ते भाषांतर निवडक होते. बाजाराचे वर्णन करणारे भाग घेतले गेले, आणि पुराणकथांचे दाखले, शब्दश्लेष, तत्त्वज्ञाचे आक्षेप असा मोठा मजकूर वगळला गेला. अर्थेतिहासासाठी ही निवड सोयीची होती. परंतु जगभरच्या बहुतेक वाचकांच्या हाती यामुळे संवाद न पडता माहितीपुस्तिका पडली. जो ग्रंथ ‘असे बोलतात’ हे दाखवीत होता तो ‘असे करतात’ एवढेच सांगू लागला. संवादातील अवांतर काढून टाकले की प्रतिपक्षाचा सन्मानही निघून जातो, कारण तो सन्मान नेमका त्या अवांतरातच वसलेला असतो.

१०. समारोप

मुंबईत १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या सोन्याच्या भावावर, शेअरचे प्रचंड वेड पसरले आणि युद्ध संपताच ते कोसळले. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये त्याचा इतिहास लिहिला. त्या अनुभवानंतर, १८७५ मध्ये, देशी दलालांनी जी संघटना उभारली तिने आपल्या उद्दिष्टांत दलालांच्या हिताबरोबर त्यांचे चारित्र्य आणि दर्जा यांचाही उल्लेख केला. वडाच्या झाडाखाली आणि रस्त्यावर चालणाऱ्या बोलाचालीला छप्पर मिळाले, त्याबरोबर नियमही मिळाले. ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील क्रम येथेही दिसतो: आधी शब्द, मग शब्दाचा भंग, मग शब्दाचे रक्षण करणारी संस्था.

१९९५ मध्ये मुंबईच्या बाजारातील रिंगणाचा ओरडा थांबला आणि व्यवहार संगणकावर गेला. आता विकणाऱ्याला घेणारा दिसत नाही. अपशब्द, धक्काबुक्की, लाल झालेले तळहात हे सारे व्यवहारातून नाहीसे झाले. मतभेद नाहीसा झाला नाही. तो व्यवहारापासून वेगळा होऊन चर्चेच्या जागांत गेला. दे ला व्हेगाच्या परिभाषेत सांगावयाचे तर चौक बंद झाला आणि कॉफीगृह विस्तारले. जिथे बोलणाऱ्याचा हात कोणाच्याच हातात नाही तिथे सौजन्याचे नियम कितीही काटेकोर केले तरी ते भाषेपुरतेच राहतात. गुंतवणूकदारांच्या वादाला खरी सभ्यता हवी असेल तर ‘कसे बोलावे’ याआधी ‘बोलल्याची जबाबदारी कोणावर’ हा प्रश्न सोडवावा लागतो. लोकांच्या आयुष्यभराच्या बचतीशी तो जोडलेला असल्यामुळे तो केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. वाङ्मयाचा अभ्यास त्याचे उत्तर देणार नाही. परंतु एका निर्वासिताने तो तीन सभ्य माणसांच्या तोंडून किती लवकर आणि किती नेमकेपणाने विचारला होता, हे दाखविणे त्याच्या कक्षेत निश्चितच येते.